कायदेशीर आणि घटनासंमत

संसदेने बहुमताने मंजूर केला म्हणजे कायदा निर्वेध झाला, अशी पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांचीही समजूत असते. मुनीम पेढीच्या नावाने व्यवहार करितो खरा. परंतु अखत्यारपत्राबाहेर जाऊन त्याने केलेला सौदा मालकाने मान्य का करावा? संसद ही लोकांची मुनीम असून राज्यघटना हे तिचे अखत्यारपत्र होय.

बँकांचेच उदाहरण घ्या. 50 कोटी वा त्याहून अधिक ठेवींच्या 14 बँका सरकारने जुलै 1969 मध्ये वटहुकुमाने ताब्यात घेतल्या. पुढे संसदेने तसा कायदाही केला. रुस्तम कावसजी कूपर या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 10 फेब्रुवारी 1970 रोजी 11 पैकी 10 न्यायमूर्तींनी तो कायदा रद्द ठरविला. बँका घेण्याचा संसदेस अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. या चौदांपुरता पंक्तिप्रपंच झाला व भरपाईची रीत घटनेस धरून नाही, असा त्याचा निर्णय होता. चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला, पुढील कायद्यात प्रत्येक बँकेच्या भरपाईचा आकडा नमूद झाला, आणि बँका सरकारकडेच राहिल्या.

मग मिळविले काय, असे कोणी विचारील. हेतू लोकहिताचा असला तरी वाट घटनेचीच धरिली पाहिजे, हे सरकारास मान्य करावे लागले, हेच मिळविले. आवडत्या हेतूसाठी आज मोडू दिलेली मर्यादा उद्या नावडत्या हेतूच्या वेळीही मोडलेलीच आढळेल, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.