तळ्यातली चराई

तळ्याच्या पाण्याला हिरवी झाक येते ती त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे. ती किती गडद होणार, हे पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जितके अवलंबून असते, तितकेच शैवालांवर चरणाऱ्या प्राणिप्लवकांवरही, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांवरही, असते. अकोल्याला पाणी पुरवणारे महानचे काटेपूर्णा धरण, अमरावतीची तहान भागवणारे अप्पर वर्धा, शहरालगतचे वडाळी आणि छत्री तलाव अशा गोड्या पाण्यात या चरणाऱ्यांचे मुख्य गट तीन: रोटिफर, जलपिसवा आणि कोपेपॉड.

रोटिफर बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. तोंडाभोवतीच्या केसांच्या हालचालीने ते भोवरा निर्माण करतात आणि बारीक पेशी आत ओढतात. जलपिसूच्या पायांवर दाट केसांची चाळणी असते. तिच्यातून पाणी गाळून ती साधारण 1 ते 50 मायक्रॉन आकाराचे कण खाते. डाफ्निया ही दोन मिलिमीटरची जलपिसू दिवसाला वीसेक मिलिलिटर पाणी गाळू शकते. म्हणजे लिटरमागे अशा पन्नास असल्या, तर तेवढे सगळे पाणी एका दिवसात गाळून निघेल. कोपेपॉड मात्र सरसकट गाळत नाहीत. डायाप्टोमससारखे प्रकार चव आणि स्पर्श पारखून एकेक पेशी निवडतात, तर सायक्लॉप्स भक्ष्य पकडून खातो.

या निवडीचा परिणाम शैवालांच्या जातींवर होतो. रानात गुरे गवत खातात आणि तरोटा तसाच माजतो, तसे इथेही घडते. लहान, मऊ पेशी आधी संपतात. काटेरी, लांब तंतूंची आणि चिकट आवरणाची शैवाले उरतात. सेनेडेस्मससारखे हिरवे शैवाल तर पाण्यात उतरलेल्या चरणाऱ्यांच्या रसायनांची चाहूल लागताच पेशींचे जुडगे करते. काही चिकट पेशी प्राण्याच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतात आणि वाटेत पोषकद्रव्येही घेतात. नीलहरित मायक्रोसिस्टिसचे गोळे चाळणीत मावत नाहीत, शिवाय त्याच्या काही वाणांत विषही असते. चरणारे प्राणी विष्ठा-मूत्रावाटे अमोनिया आणि फॉस्फेट पाण्यात परत सोडतात, त्यावर उरलेली शैवाले पुन्हा वाढतात.

वऱ्हाडात ऋतूही या व्यवहारात हात घालतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ पाण्यात उतरला की शैवालांना प्रकाश कमी पडतो. गाळाचे बारीक कण जलपिसवांच्या पोटात अन्नासोबत जातात आणि त्यांचे पोषण घटते. रोटिफरना त्याचा जाच तुलनेने कमी. उन्हाळ्यात साठा आटून पाणी तापले आणि पोषकद्रव्ये भरपूर असली, की नीलहरित शैवालांना पोषक स्थिती येते.

चरणाऱ्यांनाही खाणारे असतात. कटला हा मासा मुख्यतः प्राणिप्लवकांवर जगतो, आणि मासे मोठ्या जलपिसवा आधी टिपतात. त्या घटल्या की कमी गाळणारे लहान प्राणी उरतात आणि शैवाल वाढते. म्हणून पाणी निवळ ठेवायचे असेल, तर मत्स्यबीज सोडताना जात आणि संख्या पाहावी लागते. मात्र सांडपाणी आणि शेतातले खत तळ्यात येतच राहिले, तर केवळ चराईच्या भरवशावर हिरवेपणा आवरत नाही.