काडीकिडा बागेत सोडावा का?

एडिनबरात उन्हाळ्याची सुट्टी लागली, की शाळेतून मुलांबरोबर कधीकधी पाहुणेही घरी येतात. जाळीचा डबा, त्यात ब्रॅम्बलच्या फांद्या आणि फांद्यांवर, नीट बघितलं तर, काडीकिडे. आमच्याकडे चार आले होते. आठवड्याभराने लेक म्हणाली, "बाबा, हे इंडियाचे आहेत ना? मग यांना हर्मिटेज ऑफ ब्रेडच्या झाडीत सोडूया का? मोकळं वाटेल त्यांना." मी जवळजवळ 'हो' म्हणून बसलो होतो.

इंडियाचे, हे तिचं खरंच होतं. ब्रिटनमधल्या शाळांत हमखास दिसणारा हा 'इंडियन स्टिक इन्सेक्ट', शास्त्रीय नाव काराउसियस मोरोसस. मूळचा तामिळनाडूतल्या पळणी डोंगरांचा. १९०१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. म्हणजे युरोपात तो आपल्या कितीतरी आधी आला, आणि तेही व्हिसाशिवाय!

पण याचं खरं कसब लपण्यात नाही, वाढण्यात आहे. डब्यात दिसतात त्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात. नर फार क्वचित. मादी नराशिवाय अंडी घालते, काहीशे घालते, आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. अंडं मोहरीएवढं, तपकिरी, डोक्यावर फिकट पिवळी टोपी. विष्ठेत मिसळलं की ओळखूच येत नाही. मी पहिल्या आठवड्यात डबा झटकून सगळं सरळ कंपोस्टमध्ये टाकलं होतं. नंतर वाचलं आणि गुडघ्यावर बसून टोपीवाल्या मोहऱ्या वेचल्या. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजलं असेल.

आता झाडीत सोडण्याचं. स्कॉटलंडमध्ये कोणताही प्राणी त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर मोकळा सोडणं हा गुन्हा आहे. २०११ च्या कायद्याने तसं ठरवलं आणि २०१२ पासून ते लागू आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी हिशेब सोपा आहे. इथल्या कडक थंडीत हा किडा टिकणार नाही, म्हणजे आपण त्याला मरायलाच सोडतो. आणि जिथे टिकतो तिथे पसरतो. कॅलिफोर्नियात हाच किडा बागांमध्ये पसरला आहे. तिकडच्या श्रोत्यांनी लक्षात ठेवा, अमेरिकेत परदेशी काडीकिडे पाळायला कृषी खात्याचा परवाना लागतो.

मग ब्रिटनमध्ये मोकळ्यावर दिसणारे काडीकिडे कुठले? कॉर्नवॉल आणि सिली बेटांवर सुट्टीला गेलात तर ब्रॅम्बलवर नक्की शोधा. पण ते न्यूझीलंडचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून आणलेल्या झाडांबरोबर आले आणि सौम्य हवेत रुजले. त्यांतल्या एका गटात न्यूझीलंडमध्येही नर कुणी पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा सापडला २०१६ मध्ये, कॉर्नवॉलला!

एडिनबरात कुंपणावर दिसला, तर बहुधा कुणाच्या तरी डब्यातून सुटलेला असणार. पुढच्या पायांच्या मुळाशी आतून लाल ठिपका दिसला, तर तो आपला इंडियन. पाय धरून ओढू नका. पाय सुटून हातात येतो. लहान किड्याला कात टाकताना तो हळूहळू परत फुटतो, मोठ्याला नाही. तळहात पुढे धरा, तो स्वतःच चढेल. आणि पावसाळ्यात गावी गेलात, तर सह्याद्रीत रात्री टॉर्च घेऊन झुडपांवर बघा. तिथले वेगळ्या जातींचे, पण तिथलेच. नुसतं बघा, फोटो काढा, जागेवर राहू द्या.

जास्तीची अंडी टाकण्याआधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत. लेकीला हे पटायला एक संध्याकाळ लागली. शेवटी तिने सहा अंडी शाळेसाठी बाजूला काढली, बाकीची डबीत भरली. ती डबी सध्या आमच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या पाकिटाशेजारी आहे. झाकणावर तिने मराठीत लिहिलंय: 'आजी, ही मोहरी नाही.'