पन्हाळ्याचा खडक आणि गोकाकचा खडक

पन्हाळ्याकडे पाहिले म्हणजे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला दिसतो. म्हणून तो थराथरांनी साचलेल्या गाळाचा झाला असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. ‘ट्रॅप’ हे नावही स्वीडिश भाषेतील जिन्यावरूनच आलेले आहे. पण थर दिसले म्हणजे गाळ होता, हे अनुमान आम्हांस मान्य नाही. दुधावर साय येते आणि नदी गाळ टाकते. दोन्हींत थर खरे, परंतु त्यांची जात एक नव्हे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर येऊन पसरला, निवाला, आणि त्यावर पुन्हा दुसरा पसरला. आपल्या महालक्ष्मीच्या देवळाचा काळा पाषाण याच कुळातला. रस भरभर थंडावल्यामुळे त्यातले कण इतके बारीक राहिले की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. निवताना तो आकसतो व उभा तडकतो. मुंबईस अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर असे उभे खांब आजही पाहावयास मिळतात. (पन्हाळ्याच्या माथ्यावरील जांभा मात्र निराळा, तो याच काळ्या खडकाची पावसापाण्याने झीज होऊन उरलेला आहे.)

आता गोकाकला चला. घटप्रभा जेथे सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, तो कडा वालुकाश्माचा आहे. त्याचा तुकडा फोडून भिंगाखाली धरावा, म्हणजे गारेचे कण एकमेकांस चिकटलेले दिसतात. ही वाळू पूर्वी पाण्याने वाहत आणली आणि कालांतराने सिलिकेने ती सांधली. याच कुळातल्या बदामीच्या खडकात कोरलेल्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा लेख आहे. या जातीच्या खडकांत कोठे कोठे लाटांच्या वळ्याही टिकलेल्या असतात. लाव्ह्यात त्या कशा असणार? शंखशिंपले मात्र कोणी शोधू नयेत. हा खडक शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर येण्यापूर्वीचा आहे, आणि आपला काळा खडक त्याच्या कितीतरी नंतर येऊन त्यावर पसरला.

हा नुसता पंडितांचा वाद नव्हे. विहीर खणणाऱ्याचा पैसा त्यात गुंतलेला असतो. लाव्ह्याच्या एका प्रवाहाचा मधला भाग भरीव व कठीण असतो. रस निवताना वायूचे बुडबुडे वर येतात, म्हणून त्याचा माथा सच्छिद्र राहतो. यालाच आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. भरीव पाषाणात पाणी केवळ भेगांतून येते, भेग नसेल तर सुरुंगाचा खर्च वाया. परंतु तो संपल्यावर खालच्या जुन्या प्रवाहाचा मांजऱ्या माथा लागण्याचा संभव असतो, आणि पाणी बहुधा तेथे लागते. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळ वेळा तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. तो दिसला की एक प्रवाह संपला असे समजावे. गाळाच्या खडकाला हा हिशेब लागू नाही; तेथे कणांमधली जागा कितपत बुजली आहे यावर सारे अवलंबून, आणि गोकाकचा खडक इतका घट्ट सांधलेला आहे की त्यातही भेगाच पाहाव्या लागतात.

तेव्हा कडा पाहून निर्णय न करता शेजारच्या दोन विहिरींच्या कडा उतरून पाहाव्यात, आणि खोदताना निघालेला तुकडा हातात घेऊन त्यात वाळूचे कण आहेत की बुडबुड्यांची भोके, एवढे आधी तपासावे.