वनस्पतींतील तुरट द्रव्ये आणि आपले आरोग्य

कच्चे जांभूळ खाल्ले की जीभ जड होते. हिरडा चघळला की तोंडाला कोरड पडते. बिनदुधाचा कडक चहा घोटभर घेतला की गाल आतून आवळल्यासारखे होतात. लोखंडी विळीवर आवळा किंवा केळफूल चिरले की पाते काळे पडते, आणि चिरलेले वांगे पाण्यात टाकले नाही तर थोड्याच वेळात तांबूस होते. या गोष्टी आपल्या घरांतील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशी एकाच कुळातील द्रव्ये आहेत, ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. रसायनशास्त्रात या कुळास ‘पॉलिफेनॉल’ असे नाव आहे. अलीकडे जाहिरातींतून या नावाचा मोठा गाजावाजा होत असतो. त्यात खरे किती आणि आपल्या घराला उपयोगाचे किती, याचा विचार येथे योजिला आहे.

कर्बाच्या सहा अणूंचे एक कडे असते. त्यास प्राणवायू व हायड्रोजन यांची जोडी चिकटली म्हणजे फेनॉल तयार होते. अशी अनेक फेनॉले एकत्र गुंफली गेली की त्यास पॉलिफेनॉल म्हणतात. आजवर त्याचे ८,००० हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. चहातील ‘कॅटेचिन’ हा त्यांपैकीच एक. त्याचे नाव खैराच्या काथावरून पडले आहे. या कुळाच्या अभ्यासात आपल्या देशाचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन यांचे नाव अशी द्रव्ये प्रयोगशाळेत घडविण्याच्या एका रासायनिक क्रियेस जगभर जोडले गेले आहे.

झाडे ही द्रव्ये का तयार करतात? झाडाला शत्रू आला म्हणून पळून जाता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे आणि सूर्याचे अतिनील किरण यांच्याशी त्यास जागच्या जागीच झुंजावे लागते. त्यासाठी ही द्रव्ये ढालीसारखी उपयोगी पडतात. बी तयार होईपर्यंत फळ तुरट राहते. पिकू लागले की तुरटपणा उतरतो आणि पाखरांना बोलावणारा रंग चढतो. जांभळाचा जांभळा व कोकमाचा लाल रंग याच कुळातील आहे. हळदीचा पिवळेपणाही त्यातलाच. तात्पर्य, झाडाने ही द्रव्ये आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी केलेली असतात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील भाग समजण्यास सोपा जाईल.

तुरट द्रव्यांचे दोन गुण येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, ती प्रथिनांना घट्ट धरतात. लाळेतील प्रथिने अशी धरली गेली की तिचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे वाटते. हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल यांनी कातडे कमावतात ते याच गुणामुळे. दुसरा गुण असा की, ती लोहाला धरतात. पूर्वी हिरडा किंवा मायफळ यांच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत. हिराकशीत लोह असते. ते तुरट द्रव्याशी जखडले की काळा रंग येतो. विळीचे पाते काळे पडते तेही याच कारणाने.

आता हीच क्रिया पोटात झाली तर काय होईल, ते पाहू. चपाती, भाकरी, डाळ, पालेभाजी यांत लोह असते. त्याच वेळी चहा पोटात गेला तर चहातील द्रव्ये त्या लोहाला जखडतात, आणि ते रक्तात शोषले न जाता तसेच बाहेर पडते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली हे प्रयोगाने दाखविले. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत एक कप चहा जेवणाबरोबर घेतल्याने लोहाचे शोषण शेकडा ६४ ने व कॉफीने शेकडा ३९ ने घटले. जेवणाच्या एक तास आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही. परंतु जेवणानंतर एक तासाने घेतली तरी नुकसान तितकेच झाले. चहात दूध घातल्याने हा दोष जातो, असा समज असल्यास तोही खरा नाही. दुधाने फारसा फरक पडत नाही असे १९९९ सालच्या प्रयोगांत आढळले. मांसमच्छीतील काही लोह निराळ्या स्वरूपात असते, व त्यास ही अडचण फारशी येत नाही. पण ज्या घरांत मांस आठवड्यातून एखाद्या वेळीच शिजते, त्या घरांची भिस्त धान्य व डाळींवरच असते.

हे सर्व इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत शेकडा ५७ जणींना, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत शेकडा ५९ जणींना रक्तक्षय आढळला. सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येणाऱ्या मुली आम्ही शिक्षक रोज पाहतो. जिना चढताना जिला धाप लागते, तिसऱ्या तासाला जिची मान खाली जाते, तिला आळशी किंवा मंद म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा दोष बुद्धीचा नसून रक्ताचा असतो. रक्तक्षयास केवळ चहाच कारण आहे असे मुळीच नाही. अपुरा आहार, मासिक पाळी, जंत अशी इतर कारणेही असतात. परंतु चहाची वेळ बदलण्यास पैसा लागत नाही, म्हणून तो उपाय प्रथम करावा.

मग या द्रव्यांचा शरीरास लाभ नाहीच काय? आहे, पण तो जाहिरातीत सांगतात तसा नाही. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ साली यांतील काहींना ‘पी’ जीवनसत्त्व म्हणावे असे सुचविले. परंतु ती न मिळाल्याने अमुक रोग होतो असे सिद्ध झाले नाही, म्हणून १९५० साली ते नाव सोडून द्यावे असे ठरले. काचनळीत ही द्रव्ये अपायकारक ऑक्सिडीकरण थोपवितात हे खरे. परंतु शरीरात त्यांचा थोडाच अंश रक्तात जातो, आणि बाकीचा मोठ्या आतड्यातील जंतू फोडून टाकतात. अशा काचनळीतील मोजमापांचे कोष्टक अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१२ साली मागे घेतले. कोकोतील द्रव्यांचा रोज ५०० मिलिग्रॅम अर्क देऊन २१,००० हून अधिक लोकांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या एकूण घटनांत खात्रीलायक घट दिसली नाही. त्यांपासूनचे मृत्यू मात्र शेकडा २७ ने कमी आढळले. म्हणजे आशा आहे, निर्णय नाही.

याउलट अतिरेकाचे धोके निश्चित आहेत. हिरव्या चहाच्या अर्कातील मुख्य कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृतास इजा होण्याची चिन्हे दिसतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला. आणि सुपारी पाहा! तीही या द्रव्यांनी भरलेली आहे. तरीही तंबाखूवाचूनसुद्धा ती कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००४ सालीच दिला.

तेव्हा घरात काय करावे? जांभूळ, डाळिंब, लाल कांदा, वांगी, पालेभाज्या ही अन्न म्हणून खावीत. त्यांचा अर्क बाटलीतून विकत घेण्याची गरज नाही. चहा जेवणाच्या तासभर आधी अथवा दोन तासांनंतर घ्यावा. डाळीवर, पोह्यांवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर पेरूची फोड खावी. त्यातील ‘सी’ जीवनसत्त्वाने लोह शोषण्यास मदत होते. मात्र लिंबू पिळले म्हणून चहा बरोबर घेण्यास मोकळीक मिळाली, असे समजू नये. नाचणीच्या टरफलातही तुरट द्रव्ये असतात. ती मोड आणून किंवा आंबवून खावी. रमजानात सहरीच्या घासापाठोपाठ चहाचा पेला घेण्याची सवय आमच्या अनेक घरांत आहे. तो पेला रात्री तरावीहच्या नमाजानंतर घ्यावा. शाळेत किंवा दवाखान्यात मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये. गरोदर भगिनींनी तर हे विशेष पाळावे.

ज्या मुलीचा चेहरा फिकट दिसतो, जिला लवकर थकवा येतो, तिचे रक्त दवाखान्यात तपासून घ्यावे, आणि डॉक्टर सांगतील ते औषध पुरे करावे. त्याबरोबरच उद्या सकाळपासून तिच्या ताटाशेजारचा चहाचा कप तेवढा उचलून ठेवावा, आणि त्या जागी लिंबाची एक फोड ठेवावी.