घरगुती संगणकासाठी यूपीएसची निवड

खेड्यातील घरात संगणक असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सातबाराचा उतारा पाहणे, कृषियोजनांचे अर्ज भरणे, बाजारभाव जाणून घेणे, दुधाचा व मजुरीचा हिशेब ठेवणे आणि मुलांचा अभ्यास, अशी नानाविध कामे या एकाच यंत्रावर होतात. परंतु संगणक घेताना जितका विचार केला जातो, तितका त्याच्या वीजपुरवठ्याचा केला जात नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज निम्मा भरून झाला असता वीज जाते आणि सारे श्रम वाया जातात. माहितीची नोंद होत असतानाच वीज खंडित झाली, तर साठवलेली फाइल बिघडून वर्षभराचा हिशेब पुन्हा उघडेनासा होण्याचाही संभव असतो.

ही हानी टाळणारे साधन म्हणजे यूपीएस होय. वीज जाताच हे यंत्र आपल्या बॅटरीतून संगणकाला पुरवठा सुरू करते. बाजारात याचे अनेक प्रकार मिळतात व किमतीतही मोठी तफावत असते. महाग ते चांगले असे समजून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणारा आणि केवळ स्वस्त म्हणून कोणतेही यंत्र उचलणारा, हे दोघेही अंती नुकसानच सोसतात. थोडा हिशेब केल्यास माफक खर्चात योग्य यंत्र निवडणे अवघड नाही.

यंत्राचे खरे काम

रात्रभर संगणक चालवणे हे यूपीएसचे काम नव्हे. हाती असलेले काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास लागणारी पाचदहा मिनिटे मिळवून देणे, एवढेच त्याचे काम आहे. वीज येईपर्यंत तासन् तास काम चालू ठेवायचे असेल, तर त्यास मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो. आपली गरज या दोहोंपैकी कोणती, हे प्रथम ठरवावे.

पंपाची अश्वशक्ती आणि विहिरीचे पाणी

दुकानात यूपीएसचा आकार ६०० व्हीए, १००० व्हीए असा सांगितला जातो. हा आकडा मोठा असला म्हणजे संगणक अधिक वेळ चालेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. पंपाची अश्वशक्ती वाढवल्याने विहिरीतील पाणी वाढत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. व्हीएचा आकडा म्हणजे पंपाची अश्वशक्ती. यंत्र किती भार उचलू शकेल, हे त्यावरून कळते. विहिरीच्या जागी आहे ती बॅटरी. संगणक किती वेळ चालेल, हे तिच्यावर अवलंबून असते.

यास्तव व्हीएबरोबर दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. पहिली, यंत्र किती वॅट भार उचलते? ६०० व्हीएचे घरगुती यंत्र बहुधा ३६० वॅटच उचलते. दुसरी, आत बॅटरी किती अँपिअर-तासांची आहे? अशा यंत्रात सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बंदिस्त बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास वीज झाली. परंतु हा आकडा वीस तासपर्यंत सावकाश वीज काढली असता मिळणारा आहे. वीस मिनिटांत ती उपसली, तर बरीच कमी मिळते व काही यंत्रातच खर्ची पडते. म्हणून प्रत्यक्षात निम्म्याहून कमी वीज हाती येते, असे धरून चालावे. १०० वॅटच्या भारावर नवी बॅटरी सुमारे वीस मिनिटे टिकते. दोन वर्षांच्या वापरानंतर तिच्याकडून याच्या निम्मी अपेक्षा ठेवावी.

आपल्या संगणकाचा भार मोजणे

हा भार घरच्या वीजमीटरवरच मोजता येतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त संगणक, पडदा व इंटरनेटचा राउटर चालू ठेवावा आणि घड्याळ लावून सहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो, ते मोजावे. त्या संख्येस १०,००० ने गुणून मीटरवरील आकड्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे वॅट होत. उदाहरणार्थ, ३२०० च्या मीटरवर सहा मिनिटांत दिवा ३२ वेळा लुकलुकला, तर भार १०० वॅट झाला.

साध्या घरगुती संगणकाचा भार पडद्यासह बहुधा ८० ते १५० वॅट असतो. यंत्राच्या वॅट-क्षमतेच्या दोनतृतीयांशाहून अधिक भार त्यावर टाकू नये. या हिशेबाने बहुतेक घरांस ६०० व्हीएचे यंत्र पुरेसे होते आणि आज ते साधारणपणे दोन ते साडेतीन हजार रुपयांच्या घरात मिळते. लेसर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही जोडू नये. कागदावर शाई पक्की करण्यासाठी तो आतील भाग तापवतो व त्या वेळी कित्येक शे वॅट वीज खेचतो.

प्रकार कोणता घ्यावा?

यूपीएसचे मुख्य प्रकार तीन आहेत: ऑफलाइन, लाइन-इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन. यांपैकी ऑफलाइन सर्वांत स्वस्त होय. परंतु विजेचा दाब उतरला की ते लगेच बॅटरीवर जाते. आपल्या खेड्यांत २३० व्होल्टचा दाब पुष्कळदा बराच खाली येतो. तेथे असे यंत्र दिवसातून अनेकदा बॅटरी उपसते व ती अकाली निकामी होते. लाइन-इंटरॅक्टिव्ह यंत्रात दाब सावरणारा भाग असतो, त्यामुळे कमीजास्त दाबातही बॅटरीस हात लागत नाही. थोडे अधिक पैसे मोजावे लागले, तरी खेड्यातील घरास हाच प्रकार हितावह होय. साधारण १४० व्होल्टपर्यंत उतरलेला दाब सावरणारे यंत्र निवडावे. ऑनलाइन प्रकार उत्तम खरा, पण महाग. घरगुती कामास त्याची जरुरी नाही.

घरात इन्व्हर्टर असल्यास नवी खरेदी करण्यापूर्वी तोच तपासावा. पुष्कळ इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ अशी खूण असलेले बटण असते. ते त्या बाजूस केल्यास वीज गेल्यानंतरचा पुरवठा अधिक त्वरेने सुरू होतो. तेवढ्याने संगणक बंद न पडता चालू राहिला, तर निराळा खर्च वाचला. अद्याप संगणकच घ्यावयाचा असेल, तर लॅपटॉपचाही विचार करावा. त्याची बॅटरी त्याच्यातच असते.

खरेदीच्या वेळी

यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण व क्रमांक आहे की नाही, ते पाहावे. बॅटरी कोणत्या महिन्यात तयार झाली, ते विचारावे. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी वापरापूर्वीच दुबळी झालेली असते. यंत्राची व बॅटरीची हमी निरनिराळी असू शकते, म्हणून दोन्ही मुदती पावतीवर लिहून घ्याव्यात. काही संगणकांना स्वस्त यूपीएसची वीज मानवत नाही व ते मध्येच बंद पडतात; यास्तव घरी चालवून पाहून न जमल्यास परत घेण्याची बोली आधीच करावी.

निगा

बॅटरी ही जनावराप्रमाणे निगा मागते. नवे यंत्र प्रथम आठदहा तास चार्ज करावे. ते पत्र्याखाली, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. २५ अंश सेल्सियसच्या वर सतत आठदहा अंश उष्णता राहिल्यास बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. महिन्यातून एकदा, सर्व काम जतन करून, भिंतीवरील बटण बंद करावे व संगणक किती मिनिटे चालतो, ते घड्याळावर पाहावे. मिनिटे पाचाच्या खाली आल्यास यंत्र न टाकता केवळ बॅटरी बदलावी. बॅटरी साधारणतः दोन ते चार वर्षे टिकते, म्हणून हा खर्च सुरुवातीपासूनच हिशेबात धरावा. जुन्या बॅटरीत शिसे व आम्ल असते. ती उकिरड्यावर न टाकता विक्रेत्यास परत द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे थोडे पैसेही वजा होतात.

यूपीएस विजेपासून रक्षण करते, असे समजून वळवाच्या पावसात निर्धास्त राहू नये. आकाशात कडकडाट सुरू होताच प्लग व इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. घरातील अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मीटरचा दिवा मोजण्याची रीत एखाद्या सायंकाळी ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी करून दाखवावी. ज्यास आपल्या घरचा भार वॅटमध्ये सांगता आला, त्यास दुकानात कोणी फसवू शकत नाही. खरेदीस निघण्यापूर्वीची ही सहा मिनिटे पुढील कित्येक शे रुपये वाचवतील.