उजवीकडचा रकाना

कार्तिक वद्य पक्षात ज्ञानेश्वरांच्या समाधि-सोहळ्यासाठी आळंदीस येणाऱ्या वारकऱ्यांपैकी कित्येकांचा मुक्काम आता धर्मशाळेत पडत नाही. तो भोसरी, मोशी, चिखली अथवा चाकण येथे नोकरी करणाऱ्या मुलाच्या दोन खोल्यांत पडतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठीच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि देहू-आळंदीच्या आसपासचा हा माळ मराठवाडा, खानदेश व विदर्भातून आलेल्या तरुणांनी भरून गेला. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. वारी आणि मुलाची भेट या दोन गोष्टी एकाच एस.टी.च्या तिकिटात उरकतात, ही त्या आई-वडिलांच्या दृष्टीने मोठीच सोय.

या मुक्कामात एक दिवस त्यांना बाहेर जेवावयास नेणे, हा या पट्ट्यातील नवा आतिथ्यधर्म होय. आणि नेमकी येथेच पंचाईत होते. आईच्या गळ्यात तुळशीची माळ असते. जेथे मटण शिजते तेथील पाणीही तिला चालत नाही. वडिलांनी माळ घातलेली नसते आणि मुलाकडे आल्यावर एकदा तरी रस्सा-भाकरी मिळावी, अशी त्यांची इच्छा असते. सून दुसऱ्या जिल्ह्यातली, तिच्या माहेरची चव आणखी निराळी. त्यातून पिंपरी-भोसरीकडील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणजे अनेक घरांत सामिष वर्ज्य असलेल्या वारी! वस्तुतः हा मतभेद त्या घराला नवा नाही. गावी तो भांड्यांच्या वाटणीने केव्हाच मिटलेला असतो. मटणाचे पातेले वेगळे, अंगणातली तीन दगडांची चूल वेगळी, आणि बहुधा रांधणारे हातही वेगळे. हॉटेलात मात्र मुदपाकखाना एकच असतो व तो दिसतही नाही. २००१ पासून बंद पाकिटावर हिरवी अथवा तपकिरी खूण छापणे सक्तीचे झाले. कढई आणि पळीवर तशी खूण कोण छापणार?

मुलाला हा प्रश्न जाणवत नाही, याचे कारण त्याची जीभ कारखान्याने घडविलेली असते. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह असावे, असे १९४८ चा कारखाने कायदा सांगत असे. तेथील ठरावीक थाळी, लग्नापूर्वीची मेस आणि रात्रपाळीनंतर टपरीवर खाल्लेली अंडाभुर्जी, यांतून पाच-सात वर्षांत 'सर्व काही चालते' अशी वृत्ती तयार होते. आई-वडिलांचे तसे नसते.

पण खरी अडचण शाकाहार-मांसाहाराची नसून पैशाची आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ साली असे प्रतिपादन केले की, ग्राहकाची आवड त्याला विचारून कळत नसली, तरी त्याने काय घेतले यावरून ती ताडता येते. बाजारात हे पुष्कळ अंशी खरे ठरते. पैसे मुलगा देणार असलेल्या टेबलावर मात्र ते साफ चुकते. आई-वडील मेन्यूकार्डाचा डावा रकाना वाचीतच नाहीत, ते उजवीकडचा वाचतात. चार माणसांचे बिल दीड हजार रुपये झाले असे समजू. २०२४-२५ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,३७१ रुपये होती. म्हणजे हे एक जेवण सुमारे साडेचव्वेचाळीस किलो ज्वारीचे झाले, वरच्या पाच टक्के करापोटी आणखी सव्वादोन किलो गेली. आणि बाजारात तो भाव पदरात पडेलच याची शाश्वती नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मनात हा हिशेब आपोआप होतो. मग आई म्हणते, "मला फारशी भूक नाही, इडली सांग." वडील म्हणतात, "हिला चालेल तेच मलाही." मुलगा समजतो की आईला इडली आवडते, पुढच्या भेटीतही इडलीच मागविली जाते.

अशा टेबलावर अखेर सर्वांत कडक नियम पाळणाऱ्याचीच सरशी होते आणि मंडळी 'शुद्ध शाकाहारी' पाटीखाली जाऊन बसतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१४ मध्ये महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी होते. तेव्हा असे मिश्र टेबल अपवादात्मक नव्हे. या सरशीत अन्याय आहे असे म्हणता येणार नाही. वडिलांना भाजी चालते, आईला रस्सा चालत नाही. ज्याला पर्याय आहे त्याने पाऊल मागे घ्यावे, हे रास्तच. वडिलांची रस्सा-भाकरी दुसऱ्या दिवशी, दोघांपुरती, वेगळ्या खानावळीत होऊ शकते आणि ती व्हावयासही हवी. मात्र पाटी पाहून निश्चिंत होणे बरे नव्हे. मधुमेहामुळे साडेसातच्या आत जेवणे भाग असते, पनीरच्या तिखट-तेलकट भाजीने पित्त होते, कवळीमुळे तंदुरी रोटी तुटत नाही. आणि यांपैकी एकही गोष्ट 'शुद्ध शाकाहारी' या शब्दांत बसत नाही. या गोष्टी हॉटेलात, वेटर वही घेऊन उभा असताना विचारल्या, तर खरे उत्तर मिळत नाही. आदल्या दिवशी घरी, आईशी आणि वडिलांशी स्वतंत्रपणे बोलल्यास मिळते.

हॉटेलमालकांकडूनही थोडी अपेक्षा आहे. अमर्याद थाळीचे गणित सरळ आहे: एकदा पैसे भरले की पुढच्या पुरीची किंमत शून्य. ते रात्रपाळीच्या तरुणाला मानवते. अर्धी भाकरी व वाटीभर आमटीवर थांबणाऱ्या सत्तरीच्या बाईलाही तोच दर पडतो आणि भिंतीवर सूचना असते की, एका थाळीत दोघांनी जेवू नये. म्हणजे तिच्या न खाल्लेल्या पुऱ्यांवर शेजारच्या टेबलाची पोटे भरतात. एस.टी. महामंडळाने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आणि २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट केले. महामंडळाला जे सुचले ते नाशिक रस्त्यावरील एखाद्या भोजनालयाला सुचावयास हरकत नाही: अर्ध्या दराची अर्धी थाळी, तीत मऊ भाकरी, कमी तिखटाची एक भाजी, एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी. आणि दर मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत. कारण तो रकाना आधी वाचला जाणारच आहे.