जुन्या लष्करी ट्रकचा डिझेलखर्च

पश्चिम वसईच्या वाळूमिश्रित जमिनीत केळी, पानवेल व फुलझाडे जोमाने वाढवावयाची म्हणजे शेणखत भरपूर घालावे लागते. ते तबेल्यांपासून वाडीपर्यंत आणणे हाच मोठा खर्च होय. आमच्या भागातील एका बागायतदारांनी या कामासाठी सैन्याने लिलावात काढलेला जुना शक्तिमान ट्रक ठेवला आहे. पावसाळ्यापूर्वी ते मजकडे आले व म्हणाले, "साहेब, गाडी दणकट आहे, पण डिझेल पाण्यासारखे पिते. ठेवू की विकू?" लिटरमागे किती किलोमीटर जाते असे विचारता त्यांना उत्तर देता येईना.

तेव्हा प्रथम मोजणी केली पाहिजे. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीच्या आठ-दहा फेऱ्या कराव्यात आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. समजा, 270 किलोमीटरला 90 लिटर लागले, तर लिटरमागे 3 किलोमीटर झाले. ते साडेतीनवर नेले, तर तेवढ्याच अंतरात सुमारे 13 लिटर वाचतात. टायर मूळ मापाचे नसल्यास काट्यावरील किलोमीटर चुकतात. ते महामार्गावरील दगडांशी एकदा ताडून पाहावेत.

शक्तिमानची बांधणी 1959 साली जबलपूर येथे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने सुरू झाली व 1996 साली थांबली. (याच कंपनीच्या आउग्सबुर्ग येथील कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन 1897 साली चालले.) ही गाडी चिखलातून व वाळूतून ओझे नेण्यासाठी घडविलेली आहे, काटकसर हा तिचा उद्देश नव्हे. डांबरी सडकेवर तिचे हेच गुण खर्चाचे ठरतात.

या बागायतदारांच्या गाडीत मुख्य दोष तसाच सापडला. वाडीच्या वाळूच्या वाटेसाठी चालक पुढच्या चाकांची गती लिव्हरने जोडीत असे आणि सडकेला लागल्यावर ती सोडावयाचे विसरत असे. चारही चाके अशी जखडून पक्क्या रस्त्यावर चालली म्हणजे वळणावर पुढची व मागची चाके एकमेकांना ओढतात. त्यात डिझेलही जाते व टायरही झिजतात. खोल नक्षीच्या लष्करी टायरांऐवजी साधे टायर घातल्यास सडकेवर गाडी हलकी धावते; मात्र वाडीत वाळू असेल तर ही अदलाबदल विचारपूर्वक करावी. हवा दर आठवड्यास, टायर थंड असताना तपासावी.

दुसरी गोष्ट धुराची. ओझे ओढताना धूर काळा येत असेल तर हवा कमी पडते किंवा नोझल बिघडले आहे. जुन्या गाडीत बहुधा तेलाचा एअर फिल्टर असतो. तो धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. धुळीच्या दिवसांत हे काम वारंवार करावे लागते. एवढ्याने धूर न गेल्यास नोझल व पंप जाणत्या कारागिराकडे यंत्रावर तपासून घ्यावेत. पंपाचा स्क्रू घरी फिरवून डिझेल कमी करू नये. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा तर गुन्हा आहेच, शिवाय त्याने पंपाचे वंगण कमी होऊन तो झिजतो.

गळतीकडे आपण फारसे पाहत नाही. सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसात 86,400 थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते चार लिटरांहून अधिक भरतात. आपल्याकडे खाऱ्या हवेने नळ्या व टाकी लवकर गंजते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवल्यास आतील दमट हवेचे पाणी होते, म्हणून संध्याकाळीच ती भरावी व फिल्टरखालचे पाणी काढीत जावे.

चालकाचा हातही महत्त्वाचा. वेग 40 ते 50 च्या दरम्यान स्थिर ठेवावा. घोडबंदरच्या खाडीपुलाकडे वाहने खोळंबली की इंजिन बंद करावे.

विकण्याच्या प्रश्नाला मी त्यांना दिलेले उत्तर असे: वर्षाचे पासिंग होत आहे तोवर खताच्या भरल्या खेपांसाठी गाडी ठेवावी. दादरला फुलांच्या चार करंड्या नेण्यासाठी मात्र ती काढू नये. वर सांगितलेली सारी दुरुस्ती करूनही ती खेप महागच पडेल. शेजाऱ्यांबरोबर टेम्पो करावा. त्यांनी चालकाजवळ एक वही दिली असून तीत डिझेल, किलोमीटर व ओझे यांची नोंद होत आहे. दिवाळीनंतर आम्ही ती पाहणार आहोत.